रोज एक नवा स्वतंत्र पॉडकास्ट शोधायचा कसा?

रंगकाम_पेण

सर्वांना नमस्कार.

मी पेणमध्ये गणेशमूर्तींच्या एका कारखान्यात रंगकाम करते. गणेशोत्सवाच्या आधीचे काही महिने आमच्याकडे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काम चालते. त्या वेळात हात आणि डोळे पूर्ण गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. मूर्तीच्या अंगाचा रंग, पितांबर, शेला यांवर काम चालू असताना मी पॉडकास्ट ऐकते; डोळ्यांची आखणी सुरू झाली की मात्र सगळे बंद करते, कारण तिथे हाताबरोबर मनही स्थिर असावे लागते. त्यामुळे माझे ऐकणे कधी वीस मिनिटे, कधी चाळीस मिनिटे अशा तुकड्यांत होते, पण दिवसभराचे मिळून ते तीन-चार तास सहज भरते.

अडचण अशी आहे की ॲप उघडले की पहिल्या पडद्यावर वर्षभर तेच ते दिसते: नट-नट्यांच्या लांबलचक मुलाखती, यश कसे मिळवावे याची व्याख्याने आणि मोठ्या वृत्तसंस्थांच्या बातम्या. त्यांतले काही चांगलेही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मला जे ऐकायला आवडते ते वेगळे आहे. एखादा माणूस किंवा दोन-तीन मित्र पदरमोड करून, स्वतःला मनापासून आवडणाऱ्या विषयावर चिकाटीने भाग काढत असतात. त्यांच्या मागे कंपनी नसते, त्यांना कोणाची मर्जी सांभाळायची नसते आणि म्हणूनच त्यांच्या बोलण्यात एक मोकळेपणा असतो. असे पॉडकास्ट अधूनमधून योगायोगाने माझ्या हाती लागले आहेत, पण योगायोगावर किती दिवस विसंबायचे?

माझी इच्छा आहे की रोज निदान एक तरी नवा, पूर्वी न ऐकलेला स्वतंत्र पॉडकास्ट ऐकून पाहावा. मला नावांची यादी नको आहे, कारण यादी संपते आणि मग पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. मला शोधण्याची पद्धत हवी आहे. असे पॉडकास्ट नेमके कुठे शोधावेत, ते ऐकण्याजोगे आहेत की नाहीत हे थोडक्या वेळात कसे ओळखावे आणि मराठीतील स्वतंत्र निर्मात्यांपर्यंत कसे पोहोचावे, हे कृपया सांगावे. मराठी आणि हिंदी मला उत्तम समजते, इंग्रजी संथ लयीत बोलले तर समजते. कला, इतिहास, विज्ञान आणि माणसांचे निरनिराळे व्यवसाय हे आवडीचे विषय आहेत. फोन साधा अँड्रॉइड आहे आणि दरमहा पैसे भरावे लागतील असे काही नको आहे.

---

कानसेन

ताई, आधी पहिल्या पडद्यावर तेच ते का दिसते हे पाहू, म्हणजे शोध कुठे घ्यायचा हे आपोआप स्पष्ट होईल. ॲपमधील लोकप्रियतेच्या याद्या प्रामुख्याने अलीकडे किती जणांनी पॉडकास्ट नव्याने फॉलो केला, किती ऐकला आणि किती जणांनी भाग शेवटपर्यंत ऐकला अशा गोष्टींवर ठरतात. ज्याच्यामागे जाहिरातीचे बळ आहे त्याला ही गर्दी एकाच आठवड्यात जमवता येते. याउलट एखादा पॉडकास्ट वर्षानुवर्षे मोजकेच पण निष्ठावान श्रोते टिकवून असेल, तर तो कितीही चांगला असला तरी त्या यादीत कधीच दिसणार नाही. म्हणून त्या यादीत स्वतंत्र पॉडकास्ट शोधत बसण्यात वेळ घालवू नये.

पॉडकास्ट हे माध्यम मुळात कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही. २००० च्या सुमारास डेव्ह वायनर यांनी आरएसएस या खुल्या पद्धतीमध्ये ध्वनिफितीचा पत्ता जोडण्याची सोय केली आणि त्यावरच हे सगळे उभे राहिले. प्रत्येक पॉडकास्टची एक आरएसएस फीड असते. ती म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल असून तिच्यात प्रत्येक भागाचे नाव, वर्णन, तारीख आणि ध्वनिफितीचा पत्ता लिहिलेला असतो. ॲप ती फाइल वाचते आणि भाग तुमच्यापर्यंत आणते, इतकेच. २०२४ साली गूगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद झाले तेव्हा आपल्याकडील असंख्य अँड्रॉइड श्रोत्यांची गैरसोय झाली, पण त्यावर ऐकू येणारे पॉडकास्ट नाहीसे झाले नाहीत. फीड जिथे होत्या तिथेच राहिल्या. स्वतंत्र निर्माते टिकून आहेत ते या खुलेपणामुळेच, आणि श्रोत्यानेही याच खुलेपणाचा उपयोग करून घ्यावा असे मला वाटते.

फोनवर अँटेनापॉड हे ॲप घ्यावे. ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि ते स्वयंसेवकांनी मिळून बनवलेले आहे. त्यात शोध घेताना ॲपलची सूची, फिड (fyyd) नावाची पॉडकास्टची जर्मन सूची आणि पॉडकास्ट इंडेक्स असे वेगवेगळे पर्याय मिळतात. यातील पॉडकास्ट इंडेक्स तुमच्या विशेष उपयोगाचा आहे. ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी २०२० साली ही खुली सूची सुरू केली आणि आज तिच्यात ४० लाखांहून अधिक फीडची नोंद आहे. अर्थात, त्यांतील बहुसंख्य फीडवर दीर्घकाळ नवा भाग आलेला नाही. तरीही जे जिवंत आहेत त्यांची संख्या एका जन्मात ऐकून संपणारी नाही.

आता मुख्य मुद्दा. पॉडकास्टचे नाव शोधू नका, भाग शोधा. स्वतंत्र निर्मात्याच्या पॉडकास्टचे नाव तुम्हाला ठाऊक असण्याचे कारणच नसते. पण त्याने ज्या विषयावर बोलले आहे तो विषय तुम्हाला ठाऊक असतो. लिसन नोट्स या संकेतस्थळावर प्रत्येक भागाच्या नावात आणि वर्णनात शोध घेता येतो आणि निकाल भाषेनुसार, तारखेनुसार व भागाच्या लांबीनुसार गाळून घेता येतात. तुम्ही वीस ते चाळीस मिनिटांची मर्यादा घालून घेतली तर तुमच्या कामाच्या तुकड्यांत बसणारेच भाग समोर येतील. शोधण्यासाठी शब्द मात्र नेमका निवडावा. ‘कला’ किंवा ‘इतिहास’ असे मोघम शब्द टाकले की पुन्हा मोठेच पॉडकास्ट वर येतात. त्याऐवजी नीळ, हिंगूळ, गेरू, शाडू, टेराकोटा, गोंद असे हाताला लागणारे शब्द टाका. नुसत्या नीळ या शब्दासाठी इंग्रजीतून शोध घेतला तर रंगारी, कापड विणणारे, रसायनशास्त्राचे अभ्यासक आणि चंपारणच्या शेतकऱ्यांचा इतिहास सांगणारे असे चार वेगळ्या वाटांवरचे लोक एकाच यादीत भेटू शकतात. एवढ्या बारीक विषयावर भाग काढणारा माणूस बहुधा स्वतंत्र निर्माताच असतो.

मराठीबाबत दोन-तीन गोष्टी स्वतंत्रपणे सांगतो, कारण तिथे अडथळे वेगळे आहेत. फीडमध्ये भाषेचा एक संकेत लिहिलेला असतो. तो निर्मात्याने भरायचा असतो आणि अनेक जण सुरुवातीला असलेला इंग्रजीचा संकेत तसाच राहू देतात. परिणामी भाषेच्या चाळणीत ‘मराठी’ निवडले की अस्सल मराठी पॉडकास्टही गळून जातात. म्हणून भाषेची चाळणी काढून टाकावी आणि मराठी शब्दच देवनागरीत आणि पुन्हा रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे शोधावेत. दुसरे असे की पुष्कळ मराठी निर्माते स्वतःच्या कामाला पॉडकास्ट म्हणतच नाहीत. अभिवाचन, श्रुतिका, नभोनाट्य, कथाकथन, गप्पा, बोली, ओव्या, दशावतार, भटकंती अशा शब्दांनी शोध घेतला तर त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. आणि तिसरे म्हणजे काही जण केवळ यूट्यूबवरच भाग टाकतात, तर काही जण स्पॉटिफायच्या मोफत सेवेवर पॉडकास्ट ठेवतात आणि तिथला खुल्या फीडचा पर्याय चालू करायचा राहून जातो. अशा वेळी तो पॉडकास्ट इतर कोणत्याही ॲपमध्ये सापडत नाही. असा एखादा आवडला तर निर्मात्याला नम्रपणे कळवावे की फीड खुली केल्यास आम्हाला आमच्या ॲपवर ऐकता येईल. हे काम काही मिनिटांचे असते आणि बहुतेक जण आनंदाने करतात.

---

सीमाभागातून

मी बेळगावची आहे. माझी मैत्रीण आणि मी मिळून आमच्या भागातील जुन्या बाजारपेठेवर आणि तिथल्या बोलीवर एक छोटा मराठी पॉडकास्ट करतो. त्यामुळे कानसेन यांच्या उत्तराला निर्मात्याच्या बाजूने काही जोड देऊ इच्छिते. (आमच्या पॉडकास्टचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ताईंनी नावे मागितलेली नाहीत.)

शोधपट्टीइतकाच, किंबहुना तिच्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे एका निर्मात्याकडून दुसऱ्याकडे जाणे. आम्ही स्वतंत्र निर्माते एकमेकांना ओळखतो, एकमेकांचे ऐकतो आणि कोणाचे काम कष्टाचे आहे हे आम्हाला पटकन कळते. तुम्हाला मनापासून आवडलेला एक पॉडकास्ट घ्या आणि त्याच्या भागांची यादी खालपर्यंत चाळा. मध्येच एखादा भाग असा सापडेल की त्यात त्या निर्मात्याने दुसऱ्याच कोणाचा तरी संपूर्ण भाग आपल्या श्रोत्यांना ऐकवलेला आहे. याला आमच्याकडे फीड ड्रॉप म्हणतात. स्वतःच्या श्रोत्यांसमोर दुसऱ्याचे काम ठेवणे ही लहानसहान शिफारस नव्हे. त्याचप्रमाणे पाहुणे म्हणून आलेल्यांपैकी कोणाचा स्वतःचा पॉडकास्ट आहे का हे वर्णनात पाहावे. भागाच्या शेवटी जी श्रेयनामावली वाचली जाते ती कृपया बंद करू नये. ध्वनिसंपादन कोणी केले, संगीत कोणाचे, हे तिथे समजते आणि तीच माणसे आणखी दोन-तीन ठिकाणी उत्तम काम करत असल्याचे पुष्कळदा आढळते.

आता काही फीडमध्ये पॉडरोल नावाची सोयही आली आहे. तिच्यात निर्माता स्वतःला आवडणाऱ्या पॉडकास्टची यादी थेट आपल्या फीडमध्येच लिहून ठेवतो. ती अजून सर्व ॲपमध्ये दिसत नाही, पण जिथे दिसते तिथे अवश्य उघडून पाहावी.

ऐकण्याजोगे आहे की नाही हे कसे ओळखावे, या तुमच्या प्रश्नाबद्दल मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण याच टप्प्यावर चांगल्या पॉडकास्टवर अन्याय होतो. पहिल्या भागापासून सुरुवात करू नये. पहिल्या भागात निर्माता चाचपडत असतो. त्याला आवाज कसा लावावा, थांबावे कुठे, काय कापावे हे अजून उमगलेले नसते. अगदी ताजा भागही टाळावा, कारण त्यात पुष्कळदा जुन्या श्रोत्यांना उद्देशून बोललेले असते. मधला, तुम्हाला ज्या विषयाची थोडीफार जाण आहे असा एखादा भाग निवडावा. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत आपल्या ओळखीचे असावे. तुम्ही रंगकाम करता. तेव्हा रंगांविषयी बोलणारा माणूस पुस्तकातून वाचून बोलतो आहे की त्याने खरोखर रंग कालवला आहे, हे तुम्हाला पाच-सात मिनिटांतच कळेल आणि त्यावरून त्याच्या इतर भागांवर किती विश्वास टाकायचा हेही ठरवता येईल.

आवाजाच्या गुणवत्तेबद्दल एक विनंती आहे. पंख्याची घरघर, दूरवरून येणारा हॉर्न, मध्येच वाजलेली दारावरची बेल एवढ्यावरून पॉडकास्ट सोडून देऊ नये. आम्ही ध्वनिमुद्रण करतो ते घरात, गाद्या-गोधड्या भिंतीला लावून, शेजारच्या गिरणीचा पट्टा थांबला की. परंतु पाहुण्याचे बोलणे सतत तोडणारा, प्रश्नापेक्षा स्वतःचेच मत लांबवणारा किंवा तयारी न करता बसलेला निवेदक असेल, तर तो दोष माइक बदलून जाणार नाही; असा पॉडकास्ट निःशंकपणे सोडावा. भागाखालचे वर्णनही वाचावे. ज्याने तिथे संदर्भ, ठिकाणांची नावे, पाहुण्याची नीट ओळख लिहिली आहे, त्याने भागावरही तेवढीच मेहनत घेतलेली असते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बंद पडलेला पॉडकास्ट म्हणजे टाकाऊ पॉडकास्ट नव्हे. कोणाचे शिक्षण संपते, कोणाला मूल होते, कोणाची नोकरी बदलते आणि काम थांबते. पण मागे राहिलेले पंधरा-वीस भाग अतिशय मोलाचे असू शकतात. मात्र ध्वनिफिती इंटरनेटवर ठेवण्यासाठी अनेक सेवांना दरमहा भाडे द्यावे लागते आणि निर्मात्याने ते भरणे थांबवले की सगळे भाग एका दिवसात नाहीसे होऊ शकतात. मोफत राहणाऱ्या आर्काइव्ह डॉट ऑर्गवर सर्वांनी एक प्रत ठेवायला हवी, असे मी माझ्या परिचयातील प्रत्येक निर्मात्याला सांगते. श्रोता म्हणून तुम्ही एवढेच करा की थंड पडलेल्या फीडवर काही आवडले तर ते लगेच उतरवून ठेवा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

---

चार्ल्सकाठची

मी मूळची रत्नागिरीची, गेली कित्येक वर्षे बॉस्टनमध्ये राहते. इथल्या स्वतंत्र पॉडकास्टच्या जगात एक गोष्ट चांगली रुजली आहे आणि ती ताईंच्या उपयोगी पडेल असे वाटते: निर्मात्यांनी मिळून केलेले समूह. समूहातील एक पॉडकास्ट आवडला की बाकीचे ऐकून पाहायला कारण मिळते, कारण त्यांनी एकमेकांना पारखून घेतलेले असते.

बॉस्टनमधील हब अँड स्पोक हा असाच समूह २०१७ साली सुरू झाला. त्यातील द लोनली पॅलेट हा पॉडकास्ट तुमच्यासाठीच केला आहे की काय असे मला प्रश्न वाचताना वाटले. तमार अविशाई या कलेच्या अभ्यासक प्रत्येक भागात एकच चित्र किंवा एकच कलाकृती घेतात. भागाच्या सुरुवातीला त्या कलाकृतीसमोर उभ्या असलेल्या सामान्य प्रेक्षकांना ती कशी दिसते ते विचारतात आणि त्यांची उत्तरे ऐकवतात: इथे निळा आहे, तिथे हात जरा लांब वाटतो, हिचा चेहरा दमलेला दिसतो. डोळ्यांसमोर चित्र नसताना केवळ अनोळखी माणसांच्या शब्दांतून ते उभे राहते आणि मग त्या त्याचा इतिहास सांगायला लागतात. ज्यांचे डोळे कामात आहेत त्यांना चित्रकला ऐकवण्याची याहून सुंदर रीत मला ठाऊक नाही. इंग्रजी स्पष्ट आहे. गती थोडी कमी केली तर अडचण येणार नाही.

रेडिओटोपिया हा दुसरा समूह २०१४ साली पॉडकास्ट निर्माते रोमन मार्स आणि पीआरएक्स या अमेरिकी सार्वजनिक रेडिओच्या संस्थेने मिळून उभा केला. त्याने २०१६ मध्ये नव्या कल्पनांसाठी खुली स्पर्धा घेतली, तेव्हा दीड हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि त्यांतून निवड झाली ती इअर हसल या पॉडकास्टची. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात तिथे शिक्षा भोगत असलेले अर्लोन वुड्स आणि तुरुंगात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या दृश्यकलावंत नायजेल पुअर यांनी तो घडवला. २०१७ साली त्याचा पहिला भाग आला. एका कोठडीत दोन माणसे कशी राहतात, आत राहून पालक कसे होतात, असे रोजच्या जगण्याचे विषय त्यात आहेत. एरवी ज्यांचा आवाज बाहेर येण्याची शक्यताच नाही अशा माणसांना हे माध्यम काय देऊ शकते, हे समजण्यासाठी तो ऐकावा.

रोज एक नवा भाग हवा असेल तर इअरबड्स पॉडकास्ट कलेक्टिव्ह या नावाने दर आठवड्याला येणारे मोफत ईमेलपत्र मागवावे. त्यात दर वेळी वेगळी व्यक्ती एक विषय ठरवते आणि त्या विषयावरचे पाच भाग सुचवते. आठवड्याचे पाच कामाचे दिवस आणि पाच भाग, म्हणजे तुमच्या इच्छेशी ते अगदी जुळते. सुचवणारी व्यक्ती कधी ग्रंथपाल असते, कधी परिचारिका, कधी स्वतः पॉडकास्ट करणारी. त्यामुळे एकाच माणसाच्या आवडीनिवडीत आपण अडकत नाही. मराठीत असे कोणीतरी सुरू करावे अशी माझी फार इच्छा आहे. पाच मराठी भाग, विषय एक, सुचवणारा दर आठवड्याला नवा: या मंचावरचे आपण सगळे मिळूनही ते करू शकतो.

---

सावकाश_श्रोता

वरील सर्व उत्तरे उपयुक्त आहेत, तरी ताईंच्या मूळ संकल्पाविषयीच मला थोडे वेगळे म्हणायचे आहे.

रोज नवा पॉडकास्ट ऐकायचाच असे ठरवले तर नकळत छोटे, चटपटीत आणि पहिल्या पाच मिनिटांत पकड घेणारेच निवडले जातात. स्वतंत्र पॉडकास्टचे खरे सामर्थ्य मात्र पुष्कळदा त्यांच्या संथपणात आणि लांबीत असते, कारण त्यांना कोणी वेळेची चौकट घालून दिलेली नसते. अमित वर्मा यांचा द सीन अँड द अनसीन हा इंग्रजी पॉडकास्ट २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचे भाग लहान असत; पुढे ते कित्येक तासांचे झाले. एका अभ्यासकाशी अनेक तास बोलायचे, त्याचे बालपण, त्याने वाचलेली पुस्तके, त्याचे बदललेले विचार असे सगळे उलगडू द्यायचे, हे कोणत्याही वृत्तवाहिनीला परवडणार नाही. असा भाग चाळीस मिनिटे चाखून ठरवता येत नाही. तो आठवडाभर थोडाथोडा ऐकावा लागतो आणि तो संपेपर्यंत नवे काही नसले तरी चालते.

हिंदीतील पुलियाबाज़ी हेही याच जातीचे उदाहरण आहे. सार्वजनिक धोरण, अर्थव्यवहार, तंत्रज्ञान असे रूक्ष वाटणारे विषय तिथे मित्रांच्या गप्पांच्या ओघात येतात. एखादा भाग ऐकून त्याची गोडी कळेलच असे नाही. पाच-सहा ऐकल्यावर बोलणाऱ्यांचे स्वभाव परिचयाचे होतात, त्यांचे आपसातले मतभेद कळू लागतात आणि मग विषय कोणताही असो, ऐकावेसे वाटते. सुनो इंडिया या २०१८ पासून काम करणाऱ्या संस्थेचे आरोग्य, पर्यावरण, दुर्मीळ आजार अशा दुर्लक्षित विषयांवरचे पॉडकास्टही सलग ऐकल्यावरच अधिक समजतात.

म्हणून माझी सूचना अशी की नवे चाखणे आणि आवडलेल्यासोबत राहणे यांची दिवसाच्या वेळेतच वाटणी करावी. सकाळचा पहिला तुकडा नव्यासाठी ठेवावा, तेव्हा लक्ष ताजे असते. उरलेला दिवस आधी निवडलेल्या दोन-तीन पॉडकास्टसाठी द्यावा. नवा आवडला नाही तर तो अर्ध्यात सोडण्यात काहीही गैर नाही, पण आवडला तर दुसऱ्या दिवशी नव्याच्या हट्टापायी त्याला मागे टाकू नये.

शोधपट्टीबद्दलही एक शंका नोंदवतो. आपण तोच शब्द शोधतो जो आपल्याला आधीच ठाऊक आहे. माझ्या ऐकण्यातील सर्वोत्तम पॉडकास्ट अशा विषयांवर होते जे शोधावेत हे मला कधीच सुचले नसते, आणि ते सगळे कोणा ना कोणा माणसाने सुचवलेले होते. त्यामुळे सीमाभागातून यांनी सांगितलेली माणसामागून माणसाकडे जाण्याची वाट मला अधिक भरवशाची वाटते.

---

कानसेन

सावकाश_श्रोता यांचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. माणसांची शिफारस अधिक मोलाची, यात वाद नाही. पण शिफारस करणारी माणसे आपल्याभोवती नसतील, आणि मराठी श्रोत्यांच्या बाबतीत ती पुष्कळदा नसतात, तर शोधपट्टीशिवाय सुरुवात होणार कशी? पहिला पॉडकास्ट शोधून मिळवावा आणि तिथून पुढे माणसांच्या मागाने जावे. माझ्या मते हे दोन मार्ग एकमेकांविरुद्ध नाहीत, एकापाठोपाठ येणारे आहेत.

---

रंगकाम_पेण

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने आणि सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. सकाळचा पहिला तुकडा नव्यासाठी ठेवण्याची सूचना मला फार पटली, कारण सकाळी आमच्याकडे अंगाच्या रंगाचे काम असते आणि आखणी उजेड स्थिर झाल्यावर सुरू होते. बेळगावच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आपल्या ओळखीच्या विषयावरून पारख करण्याचा प्रयोग मी टेराकोटा या शब्दापासून सुरू केला आहे. द लोनली पॅलेटही सापडला.

आता दोन व्यावहारिक शंका आहेत. कारखान्यात नेटवर्क नीट मिळत नाही, तेव्हा घरून निघण्यापूर्वी भाग आपोआप उतरवले जातील अशी सोय अँटेनापॉडमध्ये आहे का? आणि चाखून पाहायचे पॉडकास्ट व नेहमीचे पॉडकास्ट वेगळे ठेवता येतात का? आमच्या कारखान्यातील इतर दोघींनाही माझी यादी हवी आहे. ती एकेक नाव लिहून द्यावी लागेल का?

---

कानसेन

तिन्ही गोष्टी होतात.

सेटिंग्जमध्ये डाउनलोडचा विभाग आहे, तिथे आपोआप डाउनलोड चालू करावे आणि ते केवळ वायफायवरच व्हावे असे ठेवावे. एका वेळी किती भाग साठवायचे ही मर्यादाही तिथेच ठरवता येते. साध्या फोनवर ती कमीच ठेवावी, नाहीतर जागा भरते. शिवाय प्रत्येक पॉडकास्टसाठी ही सोय स्वतंत्रपणे चालू किंवा बंद करता येते, त्यामुळे तासन्‌तासांचे भाग असलेला पॉडकास्ट आपोआप उतरवण्यातून वगळावा आणि त्यातला हवा तो भाग हाताने घ्यावा.

वेगळे ठेवण्यासाठी सबस्क्राइब केलेल्या पॉडकास्टला टॅग द्यावा. एक टॅग ‘चाखायचे’ आणि दुसरा ‘नेहमीचे’ असा ठेवला तर यादी त्यानुसार वेगळी दिसते. बोलण्याची गतीही प्रत्येक पॉडकास्टसाठी वेगळी ठरवता येते, म्हणजे इंग्रजी पॉडकास्ट कमी गतीवर आणि मराठी नेहमीच्या गतीवर ठेवता येतील. दर वेळी बदलत बसावे लागणार नाही. काही पॉडकास्टमध्ये प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तेच संगीत आणि तीच प्रस्तावना असते, ते काही सेकंद आपोआप वगळण्याची सोयही त्याच ठिकाणी आहे. रंगाचे हात घेऊन फोनला हात लावावा लागू नये म्हणून ती तुमच्या विशेष कामाची आहे.

यादी देण्यासाठी सेटिंग्जमधील आयात-निर्यात या विभागातून ओपीएमएल फाइल, म्हणजे तुमच्या सर्व पॉडकास्टच्या फीडची यादी असलेली फाइल, काढावी. ती अगदी लहान असते आणि व्हॉट्सॲपवरून पाठवता येते. तुमच्या मैत्रिणींनी ती आपल्या ॲपमध्ये उघडली की सर्व पॉडकास्ट एकदम येतात. हवे ते ठेवून नको ते वगळताही येतात. त्यांचे ॲप अँटेनापॉड नसले तरी चालते, कारण पॉकेट कास्ट्ससह अनेक ॲप ही फाइल वाचतात. चार्ल्सकाठची यांनी सुचवलेल्या मराठी साप्ताहिक निवडीसाठी मी पहिल्या आठवड्याचा विषय घ्यायला तयार आहे: मराठी अभिवाचन. ज्यांना एखादा भाग सुचवायचा असेल त्यांनी भागाचे नाव, त्याची लांबी आणि तो का ऐकावा हे दोन वाक्यांत याच धाग्यावर लिहावे.